नाव आणि खूण : ग्रंथालयीन ओळखपत्राचा एक विचार

तालुक्याच्या गावातील एखादे सार्वजनिक ग्रंथालय आपली देवघेव नोंदवहीतून संगणकावर नेऊ लागते, तेव्हा ग्रंथांना बारकोडच्या पट्ट्या चिकटवून होताच त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. सभासदांचे काय करावयाचे? प्रत्येकाला नाव, छायाचित्र व बारकोड असलेले कार्ड छापून द्यावयाचे, की पट्ट्यांचाच आणखी एक ताव छापून त्या पट्ट्या जुन्या ओळखपत्रांवर अथवा काउंटरवरील वहीत सभासदाच्या नावासमोर चिकटवून काम भागवावयाचे? हा प्रश्न बहुधा खर्चाचा म्हणून विचारला जातो व खर्चाच्याच भाषेत त्याचे उत्तर दिले जाते. पट्टी स्वस्त आहे आणि कार्ड महाग आहे, एवढ्यावर कार्यकारी मंडळाची चर्चा संपते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. कार्ड व पट्टी या वाचकाचा निर्देश करण्याच्या दोन भिन्न रीती आहेत आणि वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारख्या गावी त्यांतील भेद विशेष स्पष्टपणे दृष्टीस पडतो.

प्रथम या दोन नामांबरोबर मराठीत कोणती क्रियापदे येतात ते पाहावे. कार्ड 'काढतात', 'मिळते', 'दाखवतात', 'हरवते', 'नवे करून घेतात'. या सर्व क्रियांच्या मुळाशी वाचक उभा आहे. काही ठिकाणी तो कर्ता आहे, तर काही ठिकाणी वस्तू ज्याच्याकडे येते वा ज्याच्याकडून जाते तो धनी आहे. पट्टी मात्र 'लावतात' अथवा 'चिकटवतात'. ती ज्याला लावावयाची ते बोलत नाही. बरणीला, औषधाच्या बाटलीला, आगगाडीने जाणाऱ्या पार्सलला पट्टी लागते. कारकविचाराच्या परिभाषेत बोलावयाचे, तर कार्डाच्या व्यवहारात वाचक कर्ता वा संप्रदान असतो. पट्टीच्या व्यवहारात तो अधिकरण होतो, म्हणजे खूण जिच्यावर बसवावयाची ती जागा होतो. 'सभासदांना बारकोड लावून झाले का?' हे वाक्य काउंटरवर सहज उच्चारले जाते, आणि 'पुस्तकांना बारकोड लावून झाले का?' या वाक्यापासून त्याची रचना रतिमात्रही वेगळी नाही.

हा योगायोग समजू नये. अमेरिकेतील ग्रंथालयांत कोडाबार नावाची जी बारकोडपद्धती रूढ झाली, तिच्यात चौदा अंकांचा क्रमांक असतो. पहिला अंक वस्तूचा प्रकार सांगतो, पुढील चार अंक संस्था सांगतात, त्यानंतरचे आठ अंक अनुक्रम देतात आणि शेवटचा अंक केवळ पडताळ्यासाठी असतो. पहिला अंक २ असेल तर तो वाचक, ३ असेल तर तो ग्रंथ. ग्रंथ व वाचक यांच्यातील सर्व अंतर तेथे एका अंकात मावले आहे. यंत्राच्या सोयीसाठी हे योग्यच आहे, कारण यंत्राला दोन नोंदी जुळवावयाच्या असतात व त्या एकाच जातीच्या असणे त्याला सुलभ पडते. परंतु यंत्राच्या अंतर्गत व्याकरणात जे योग्य आहे ते काउंटरवरील बोलीतही आले पाहिजे असे नाही. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली व २००० साली कामास लागलेली 'कोहा' ही प्रणाली आज भारतातील अनेक ग्रंथालयांत वापरली जाते. ('कोहा' या माओरी शब्दाचा अर्थ भेट अथवा देणगी असा आहे.) या प्रणालीत ग्रंथाच्या नोंदीतील रकान्याचे नाव 'बारकोड' आहे, आणि वाचकाच्या नोंदीतील रकान्याचे नाव 'कार्ड क्रमांक' आहे. दोन्ही रकान्यांत भरावयाचा मजकूर एकाच स्वरूपाचा असूनही संज्ञा दोन ठेवल्या आहेत. ग्रंथांच्या पट्ट्या छापण्याचे व वाचकांची कार्डे छापण्याचे साधनही तेथे वेगवेगळे आहे. ज्यांनी यंत्र रचले त्यांनी हा विवेक राखला. तो वापरताना गमावण्याचे कारण नाही.

मराठीत ग्रंथालयाचा लाभ घेणाऱ्या व्यक्तीला निरनिराळ्या काळी निरनिराळी नावे मिळाली आहेत आणि त्या नावांत संस्थेचे स्वरूप प्रतिबिंबित झाले आहे. रत्नागिरी येथे १८२८ मध्ये, अहमदनगर येथे १८३८ मध्ये, नाशिक येथे १८४० मध्ये व पुणे येथे १८४८ मध्ये जी वाचनालये निघाली, त्यांचा आधार वर्गणी हा होता. जो वर्गणी देई तो वर्गणीदार. पुढे ठाण्याच्या (१८९३) व मुंबईच्या (१८९८) मराठी ग्रंथसंग्रहालयांच्या काळात 'सभासद' हा शब्द प्रतिष्ठा पावला. तो जुना व भारदस्त आहे. सभेत ज्याला आसन आहे तो सभासद. वर्गणीदार पैसे देतो, सभासदाला मत असते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत सभासदाला हा अर्थ आजही शब्दशः लागू पडतो. याउलट बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावून जी मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभारली, तिच्यात वर्गणीदाराला स्थानच नव्हते. तेथे प्रत्येक प्रजाजन संभाव्य वाचक होता. १९४८ च्या मद्रास कायद्याने ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने तसा कर बसविला नाही; खाजगी संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना वर्ग ठरवून अनुदान द्यावयाचे, हा मार्ग त्याने पत्करला. अ, ब, क, ड हे वर्ग ठरविताना ग्रंथसंख्येप्रमाणेच सभासदसंख्याही पाहिली जाते. म्हणून महाराष्ट्रात सभासद हा मोजला जाणारा माणूस आहे, आणि त्याची मोजणी कशावरून होते हा केवळ शब्दांचा प्रश्न राहत नाही. अलीकडे संगणकप्रणालींच्या भाषांतरांतून 'वापरकर्ता' हा शब्द येऊ लागला आहे. पंपाचा वापरकर्ता असतो, शौचालयाचा असतो. ग्रंथाचा वापरकर्ता म्हणताना वाचन नेमके गळून पडते.

संगणकापूर्वीच्या देवघेव-पद्धतींतही कार्डाचा अर्थ एक नव्हता. नीना ब्राउन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत वाचकाला जितके ग्रंथ नेण्याची मुभा, तितकी खिशाच्या आकाराची तिकिटे मिळत. ग्रंथातील पुस्तकपत्र त्या तिकिटाच्या खिशात घालून तारखेच्या क्रमाने खोक्यात ठेवावयाचे. ग्रंथ परत आला की तिकीट वाचकाच्या हाती परत. विदर्भातील महाविद्यालयांत ज्यांना 'बी.टी. कार्ड' म्हणत, ती हीच तिकिटे होत. एक तिकीट म्हणजे एका ग्रंथाचा अधिकार असा हा हिशेब होता. तिकीट काउंटरवर गेले की अधिकार तात्पुरता गहाण पडे, आणि गहाणाची ही कल्पना विद्यार्थ्याला कोणी समजावून सांगावी लागत नसे. नेवार्क पद्धतीत वाचकाजवळ एकच पत्र असते व त्यावर तारखांचे शिक्के उमटत जातात. पुस्तकपत्रावर वाचकाचा क्रमांक लिहिला जातो. पहिली पद्धती ग्रंथ परत येताच सर्व विसरते. दुसरी काहीच विसरत नाही. पुस्तकपत्र हाती घेणाऱ्या कोणालाही तो ग्रंथ पूर्वी कोणकोणत्या क्रमांकांनी नेला हे वाचता येते. बारकोडची व्यवस्था या अर्थाने नेवार्कची वारस आहे, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

आता पट्टीच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते मोकळेपणाने म्हटले पाहिजे, आणि ते मंगरूळपीरच्या उदाहरणानेच उत्तम म्हणता येईल. नावाचा दुबळेपणा या गावाच्या नावातच नोंदलेला आहे. वऱ्हाडात मंगरूळ नावाची गावे एकाहून अधिक आहेत. म्हणून तेथील हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरून या मंगरुळाला 'पीर' हे पद जोडले गेले, तर अमरावती जिल्ह्यातील दुसरे मंगरूळ 'दस्तगीर' या पदाने ओळखले जाते. नाव पुरे पडले नाही, म्हणून त्याला भेदक जोडावा लागला. वाचकांच्या नावांचेही असेच आहे. या परिसरातील बंजारा समाजात राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे ही आडनावे इतकी विपुल आहेत की एकाच ग्रंथालयाच्या नोंदवहीत एकाच नावाचे, किंबहुना वडिलांच्या नावासकट जुळणारे, दोन सभासद निघणे मुळीच अशक्य नाही. मुसलमान वाचकांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. 'आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव' हे रकाने मराठी हिंदू नामरचनेवर बेतलेले आहेत. 'शेख', 'सय्यद' हे शब्द नावाच्या आरंभी येतात. कारकून त्यांना कधी आडनावाच्या रकान्यात बसवतो, कधी नावाच्या, आणि एकच माणूस दोन ठिकाणी सापडतो वा कोठेच सापडत नाही. त्यातच नोंद रोमन लिपीत करावयाची म्हटली की वानखडे व वानखेडे, आरंभी व्ही की डब्ल्यू, शेवटी ई की वाय, अशा अनेक वाटा फुटतात. क्रमांकाला यांपैकी कोणताही रोग नाही. ज्यांना क्रमांकाविषयी भावनिक तिटकारा वाटतो त्यांनी एकदा अशा यादीत एखादे नाव शोधून पाहावे.

परंतु या युक्तिवादातून क्रमांक हवा एवढेच सिद्ध होते. नाव नको असे सिद्ध होत नाही. भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन क्रमांक सुरू केला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी होते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी विसरू नये. मंगरूळ कोणते, हा संशय त्या क्रमांकाने कायमचा फेडला. तरी पाकिटावरून गावाचे नाव गेले नाही, आणि पत्र ज्याला जावयाचे त्याचे तर मुळीच गेले नाही. छाननी करणाऱ्याने क्रमांक वाचावा, पोस्टमनने नाव वाचावे, अशी ती वाटणी आहे. ग्रंथालयाच्या कार्डावर बारकोड व नाव एकत्र छापणे ही याच वाटणीची पुनरावृत्ती होय. निव्वळ पट्टी ही केवळ पिन क्रमांक लिहिलेल्या पाकिटासारखी असते.

पाणिनीच्या शास्त्रात या भेदाचे एक सुरेख निदर्शन आढळते. 'टि', 'घु', 'भ' अशा एकाक्षरी संज्ञा त्याने केवळ लाघवासाठी घडविल्या; त्यांना व्याकरणाबाहेर काही अर्थ नाही व असू नये. परंतु 'सर्वनाम' यासारखी लांब संज्ञाही त्याने योजली. ज्याने मात्रेमात्रेची काटकसर केली त्याने चार अक्षरे का खर्चावीत, या शंकेवर भाष्यकारांचे उत्तर असे की ती संज्ञा अन्वर्थ आहे, तिचा अर्थही विचारात घ्यावयाचा आहे. म्हणजे कोठे खूण पुरे आणि कोठे नाव हवे, हा निर्णय लाघवाच्या एकाच तत्त्वाने होत नाही. बारकोडचा क्रमांक हा 'घु' आहे व तो तसाच असावा. काही संस्था त्यातही अर्थ भरू पाहतात: जिल्हा, तालुका, वर्ष, सभासदाचा प्रकार इत्यादी सर्व काही क्रमांकात कोंबतात. असा क्रमांक नाव होऊ पाहतो आणि दोन्हीकडून फसतो. मंगरूळ तालुका १९०५ पर्यंत जुन्या वाशीम (तत्कालीन बासीम) जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडल्यावर अकोल्यात गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला तेव्हा परत आला. १९९० साली ज्या ग्रंथालयाने क्रमांकात अकोल्याचे अक्षर घातले असते, त्याचा प्रत्येक क्रमांक आठ वर्षांत खोटा ठरला असता. अर्थहीनता हा क्रमांकाचा गुण आहे. नावाचे तसे नाही.

लिपीचा मुद्दा याच ठिकाणी येतो. जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ मध्ये बारकोडचे पेटंट मिळाले, पण त्याचा बाजारात खरा वापर १९७४ मध्ये ओहायोतील एका किराणा दुकानात सुरू झाला. ग्रंथालयांत सर्रास दिसणाऱ्या 'कोड ३९' या प्रकारात रोमन मोठी अक्षरे, अंक व थोडी चिन्हे एवढीच वर्णमाला आहे. देवनागरीचे एकही अक्षर या रेषांत थेट मावत नाही. चौकोनी ठिपक्यांच्या क्यूआर संकेतात, जो १९९४ मध्ये जपानात निघाला, ते मावू शकते. पण तोही मनुष्याने वाचावयाचा नसतो. तेव्हा मराठी वाचकाची मराठी ओळख या व्यवहारात कोठे राहील असे विचारले, तर उत्तर एकच आहे: कार्डावर छापलेल्या नावात. पट्टीवर बहुधा रेषांखाली अंक आणि वर ग्रंथालयाचे रोमन आद्याक्षर असते. ज्या संस्थेचे अस्तित्वकारण मराठी ग्रंथ वाचविणे हे आहे, तिने दिलेल्या एकमेव वैयक्तिक वस्तूवर मराठी अक्षर असू नये, ही विसंगती खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही. मंगरूळपीरमध्ये काही वाचकांची घरची लिपी उर्दू आहे, हेही तेथील ग्रंथपालाने लक्षात घ्यावे.

बारकोडच्या समर्थनार्थ रंगनाथन यांच्या १९३१ मधील पंचसूत्रीतील चौथे सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, वारंवार पुढे केले जाते. सूत्राचा हा उपयोग तपासून घेतला पाहिजे. महानगरातील काउंटरवर रांग असते. तेथे प्रत्येक देवघेवीतील काही क्षण वाचले तर वाचकाचा वेळ खरोखर वाचतो. तालुक्याच्या ग्रंथालयात वाचकाचा वेळ जातो तो कपाटांसमोर, हवा तो ग्रंथ तालिकेत वेगळ्या विषयाखाली गेल्यामुळे, अथवा स्पर्धा परीक्षेचे एकच पुस्तक पाच जणांना हवे असल्यामुळे. काउंटरवर वाचतो तो ग्रंथपालाचा वेळ, आणि अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत एकटाच माणूस ग्रंथपाल, लिपिक व शिपाई असतो तेव्हा तो वाचणे अगत्याचेच आहे. पण मग तसे म्हणावे.

पट्टी काउंटरवरील वहीत चिकटवून ठेवण्याच्या पद्धतीबद्दल स्वतंत्रपणे काही म्हणणे आवश्यक आहे, कारण छोट्या ग्रंथालयांना ती सर्वांत आकर्षक वाटते. वाचक रिकाम्या हाताने येतो, नाव सांगतो, ग्रंथपाल वही उघडून त्याच्या नावासमोरील पट्टी यंत्राखाली धरतो. कार्ड हरवण्याचा प्रश्नच उरत नाही. वरवर पाहता येथे नाव परत आले, आणि तेही उच्चारलेल्या रूपात. तथापि या व्यवहारात ओळख सिद्ध करण्याचे साधन वाचकाच्या हातून ग्रंथपालाच्या हाती गेलेले असते. जो ग्रंथपालाच्या ओळखीचा आहे त्याचे काम होते; नव्याने बदलून आलेल्या कारकुनाच्या मुलीचे, तांड्यावरून प्रथमच आलेल्या मुलाचे काम 'तू कोणाचा?' या प्रश्नाने सुरू होते. वऱ्हाडात हा प्रश्न आपुलकीनेही विचारला जातो, हे खरे. पण कार्ड दाखविणाऱ्याला त्याचे उत्तर देण्याची सक्ती नसते.

महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर पट्टी चिकटविण्याचा मार्ग त्या मानाने निर्दोष वाटतो, पण त्यावर आधीच एक बारकोड असतो व यंत्र कधी हा वाचते, कधी तो. शिवाय उष्णतेने उमटणाऱ्या साध्या कागदावरील पट्टी ऊन व घर्षण यांनी लवकर फिकी पडते, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात खिशात फिरणाऱ्या वस्तूला या दोहोंची वाण नसते. शाईच्या फितीने छापलेली पट्टी टिकते. रेषांच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा कापली नाही तर ती वाचलीही जाते. ही माहिती विक्रेते विचारल्याशिवाय देत नाहीत.

स्मरणाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. ब्राउन पद्धतीतील तिकीट ग्रंथ परत येताच कोरे होत असे. संगणक मात्र कोणी काय नेले हे आपण होऊन पुसत नाही. लहान गावात वाचकाच्या वाचनाची यादी म्हणजे त्याच्या मताची, आजाराची, कधी घरातील कलहाची यादी असू शकते. कोहासारख्या प्रणालीत परत आलेल्या ग्रंथांच्या नोंदीतून वाचकाचे नाव काढून टाकण्याची सोय आहे. ती वापरावी लागते, एवढेच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असल्यामुळे कार्यकारी मंडळाने याची चर्चा कार्डाच्या किमतीआधी करणे उचित ठरेल. येथे कार्ड व पट्टी यांत भेद नाही, कारण मागील नोंद एकच आहे; भेद पडतो तो असा की कार्डाच्या मागील बाजूस 'तुमच्या वाचनाची नोंद ग्रंथ परत येताच काढून टाकली जाते' हे मराठीत छापण्यास जागा असते.

आणखी एक गोष्ट मोजणीशी निगडित आहे. महाराष्ट्रातील वर्गणीच्या ग्रंथालयांत सभासदत्व प्रायः घराचे असते. पावती व कार्ड कुटुंबप्रमुखाच्या नावे, आणि ग्रंथ नेणारी त्याची पत्नी, आई वा मुलगी. जुन्या नोंदवहीत निदान 'हस्ते' असा रकाना असे व त्यात नेणाऱ्याची सही पडे. पुढील संशोधकाला स्त्रियांच्या वाचनाचा माग त्या सह्यांवरून लागू शकतो. बारकोडच्या एका फटक्याने ती सही नाहीशी झाली. घरातील प्रत्येक वाचणाऱ्याला स्वतंत्र कार्ड दिले, वर्गणी घराची एकच ठेवली, तर खर्च वाढेल, पण सभासदयादीत ज्यांची नावे कधीच आली नाहीत ती येतील. त्या कार्डावर नाव देवनागरीत, वाचकाने स्वतः सांगितले त्या क्रमाने व त्या शुद्धलेखनाने; इच्छा असेल तेथे उर्दूतही; खाली लहान टाइपात रोमन, कारण यंत्राच्या यादीत शोधावयाचे ते त्याच रूपात; आणि सर्वांत शेवटी अर्थहीन क्रमांकाच्या रेषा. वहीतील जुन्या सभासदांची नावे संगणकात भरताना ती घरमालकाला न विचारता प्रत्यक्ष ग्रंथ घेऊन जाणाऱ्या व्यक्तीला विचारून लिहून घ्यावीत. यासाठी लागेल तो काउंटरवरचा एक महिन्याचा वेळ.